कुंभार्ली घाटातली लाल गाडी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, सूर नुसता धरून ठेवा — हां, एवढाच. बास!

एक प्रश्न विचारतो. सोपा आहे, घाबरू नका. उत्तर मनातल्या मनात द्यायचं. मोठ्यानं कुणी द्यायचं नाही, कारण मोठ्यानं दिलं की ते शेजारच्याला ऐकवण्यासाठी होतं!

प्रश्न असा — समोरच्यानं विचारलंच नाही, तर आपण सांगायचं की नाही?

आहे ना सोपा? खोटं बोललो नाही. चोरी केली नाही. कुणाच्या खिशात हात घातला नाही. फक्त गप्प बसलो! मग ते पाप की नाही? हे पुढे बसलेले बाबा मान हलवतायत. बाबा, 'हो' म्हणताय, 'नाही' म्हणताय, की डुलकी लागलीय? ... असू दे, असू दे. आख्यान ऐकून झाल्यावर तुम्हाला डुलकी लागली तर मला येऊन सांगा. मी माझा फेटा तुम्हाला देईन!

ऐका तर. पुराणातली गोष्ट नाही. आपल्या कराडची आहे. गोष्टीतला घाट तुमच्यातल्या निम्म्यांनी तरी पाहिलाय.

कराडात विश्वंभर शेटे म्हणून एक गृहस्थ. कापडाचं दुकान. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. आणि माणूस कसा? सोनं! दुकानात बाई आली, साडीवर तिचा जीव बसला, तरी अण्णा गादीवरून म्हणायचे, "ताई, ही नका घेऊ. हिचा रंग जातो." स्वतःच्या दुकानातली साडी! बायका म्हणायच्या, शेट्यांकडे डोळे मिटून घ्यावं.

हे लक्षात ठेवा मंडळी. मी तुम्हाला लबाड माणसाची गोष्ट सांगत नाहीये. लबाडाची सांगितली असती तर तुम्ही मजेत ऐकली असती — 'तो तसलाच' म्हणून! ही चांगल्या माणसाची आहे. म्हणून मला सांगताना भीती वाटते.

तर अण्णांनी दुकान मुलाच्या हाती दिलं, आणि उतारवयात त्यांना एक हौस सुचली. कसली? तीर्थयात्रेची नाही! गाडीची! परदेशी बनावटीची जुनी गाडी — लालभडक, बुटकी, वर पक्कं छप्पर नाही, नुसतं गुंडाळून ठेवायचं कापड, आणि सीट किती? दोनच! रोडस्टर म्हणतात म्हणे तिला. मी विचारलं, पाहुणे आले तर कुठं बसवायचे? तर म्हणाले, महाराज, म्हणूनच घेतात!

आणली. चालवली. कृष्णाकाठी संध्याकाळी अण्णा आणि कुमुदकाकू शेजारी-शेजारी बसून निघाले की पोरं मागं धावायची. काकू डोक्यावरून रुमाल बांधायच्या. लाजायच्या! मंडळी, पुष्कळ वर्षं संसार झाल्यावर बायको नवऱ्याशेजारी बसून लाजते, याहून मोठं सुख कुठलं? सांगा बरं!

मग एकदा दोघं पाचगणीला गेले. येताना पसरणीचा घाट उतरत होते. वळणं, खाली वाई, ऊन छान पडलेलं. अण्णांनी ब्रेकवर पाय ठेवला — आणि पाय खाली गेला. नुसता खाली! लोण्यात गेल्यासारखा! गाडी थांबेना. अण्णांनी दोनदा, तीनदा दाबला. समोर वळण. पलीकडे काय? काही नाही! आभाळ! काकूंनी अण्णांचा दंड धरला. ओरडल्या नाहीत. नुसता दंड धरला. आणि कसा कोण जाणे, चौथ्यांदा दाबल्यावर ब्रेक लागला. गाडी कठड्याला घासून उभी राहिली.

काकू उतरल्या. रस्त्यावर उभ्या राहून म्हणाल्या, "मी चालत येते."

"अगं, खाली वाई केवढी लांब आहे!"

"मी चालत येते म्हटलं ना."

आणि त्यानंतर काकू त्या गाडीत कधी बसल्या नाहीत. कधीही नाही!

गॅरेजवाल्यानं गाडी उघडून पाहिली. म्हणाला, "अण्णा, ब्रेकचा सिलिंडर आतून गेलाय. थंड असताना धरतो. लांबचा उतार लागला, तापला, की सोडतो. याचा भाग इथं मिळत नाही, बाहेरून मागवावा लागेल. कधी येईल सांगता येत नाही. तोवर सपाटीला फिरवा. घाटात मात्र नेऊ नका."

अण्णांनी ऐकलं. घरी आले. आणि ठरवलं — गाडी विकून टाकू.

आता कसं? विकायला हरकत नाही! पण सांगून विकाल की न सांगता? तिथंच गोष्ट आहे सगळी.

गिऱ्हाईक मिळालं. कुठलं? चिपळूणचं! मुकुंद रेडीज नावाचे गृहस्थ. तिथं त्यांचं रंगाचं, खिळ्या-स्क्रूचं दुकान. तरुणपणी कॅलेंडरवर असल्या गाडीचं चित्र पाहिलेलं, ते डोक्यातून गेलंच नव्हतं. सहा जणांचं घर, आणि गृहस्थ दोन सीटची गाडी घ्यायला निघालेत! बायको म्हणाली, वेड लागलंय. पण मुलगी शलाका, कॉलेजात शिकणारी, ती म्हणाली, "बाबा, घ्या! आयुष्यभर आमच्यासाठीच घेत आलात. आईचं मी बघते. पण पहिल्यांदा शेजारी मी बसणार!"

आदल्या संध्याकाळी कुमुदकाकूंनी विचारलं, "त्यांना ब्रेकचं सांगितलंत?"

अण्णा म्हणाले, "विचारलं तर सांगेन की."

"अहो, चिपळूणला जायचं म्हणजे कुंभार्लीचा घाट उतरायचा!"

"ट्रकवर घालून नेतील. एवढी महागाची गाडी कोण चालवत नेतंय?"

"आणि चालवत नेली तर?"

अण्णांनी पेपर उघडला. आपण काय करतो मंडळी, उत्तर नसलं की? पेपर उघडतो! आता मोबाईल उघडतो, एवढाच फरक!

दुसऱ्या दिवशी सकाळी रेडीज आले. बाप-लेक दोघं, एसटीनं. रेडीजांनी गाडीभोवती फेरी मारली, पण हात लावीनात. देवळात आल्यासारखे उभे. अण्णांनी शेजारी बसवून गावातून एक चक्कर मारली. सपाट रस्ता! ब्रेक लागले. लागणारच! थंड होते!

रेडीजांनी काय-काय विचारलं? रंग मूळचा का? हो. इंजिन उघडलंय का? नाही. पावसात वरचं कापड गळतं का? थोडं गळतं — अण्णांनी तेही सांगितलं! खरं-खरं सांगितलं! आणि शेवटी हसत रेडीज म्हणाले, "बाकी तुमच्याकडची वस्तू म्हणजे पाहायलाच नको. कराडात मी चौकशी केली. लोक म्हणाले, शेट्यांकडे डोळे मिटून घ्यावं."

ऐकलंत? त्यांनी ब्रेकचं का विचारलं नाही? गाफील होते म्हणून नाही. विश्वास होता म्हणून!

व्यवहार झाला, सह्या झाल्या. काकूंनी पोह्यांच्या बश्या आणल्या. शलाकाच्या हातात बशी देताना त्यांनी विचारलं, "कशी जाणार गं परत?"

"गाडीनंच की काकू! बाबा चालवणार, मी शेजारी."

काकूंनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा चहा पीत होते. पुन्हा पाहिलं. अण्णा कपात पाहत होते. काकूंनी तोंड उघडलं — आणि मिटलं. का? चारचौघांत नवऱ्याला मान खाली कशी घालायला लावायची म्हणून! मायबहिणींनो, तुमच्यातल्या किती जणींनी असं तोंड मिटलंय? मी हात वर करायला सांगत नाही.

गाडी निघाली. शलाकानं मागं वळून हात हलवला. कोपऱ्यावरून लाल रंग दिसेनासा झाला.

अण्णा आत येऊन बसले. हायसं वाटायला हवं होतं की नाही? पण कान रस्त्याकडंच! ताट वाढलं. पहिला घास तोंडातच फिरायला लागला. तेवढ्यात फोन वाजला. रेडीजच!

"अण्णा! पाटणला पोचलो! काय चाललीय गाडी! लोक थांबून बघतात हो! आता इथं जेवतो, मग कोयनेचं धरण पोरीला दाखवतो आणि घाट उतरतो. म्हटलं, तुम्हाला आधी सांगावं. तुमचे फार उपकार झाले!"

मंडळी! देव दारात आला होता! आणखी कसा यायचा? शंख-चक्र घेऊन? फोनवर आला! नुसतं म्हणायचं होतं — 'रेडीज, घाटात जाऊ नका.' बास! आणि अण्णा काय म्हणाले?

"सावकाश जा."

दोन शब्द! फोन ठेवला.

काकू भिंतीशी उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "ती पोर माझ्या जागेवर बसलीय."

झालं! अण्णा ताटावरून उठले, हातही धुतला नाही. फोन लावला — वाजतोय, उचलत नाही. पुन्हा लावला. उचलत नाही. रेडीज हॉटेलात जेवायला बसलेले! आणि फोन पिशवीत, पिशवी मागच्या डिकीत. तिसऱ्यांदा लावला तर बाई बोलायला लागली — संपर्कक्षेत्राच्या बाहेर!

अण्णांनी घरची जुनी गाडी काढली आणि सुटले. मल्हारपेठ मागं पडलं. पाटण आलं. हॉटेलवाल्याला विचारलं, "लाल गाडी? उघडी?"

"गेली की! मघाशीच! फोटो काढले आम्ही!"

पुढं सुटले. पखवाजवाले, हात थांबवा. वाजवू नका. हे ऐकायचंय.

अण्णा देवाला आळवायला लागले. "पांडुरंगा, वाचव! पोरीला वाचव! मी अमुक करीन, तमुक करीन, अभिषेक करीन!" अरे, पांडुरंगानं काय करायचं? तोंड तुझं, जीभ तुझी! तासाभरापूर्वी फोन तुझ्या कानाला होता! तेव्हा देवानं तुला हाक मारली होती. आता तू देवाला मारतोयस!

कोयनानगर आलं. चहाच्या टपरीवर पुन्हा विचारलं. "आत्ताच उतरायला लागली की हो घाट! अर्धा घोट चहा टाकून गेले. पोरगी म्हणत होती, ऊन उतरायच्या आत घरी जाऊ."

घाटमाथा! तुम्हाला ती जागा माहीत आहे. अचानक जमीन संपते आणि खाली अख्खं कोकण पसरलेलं दिसतं. माणूस एरवी गाडी थांबवून बघतो. अण्णांनी बघितलं नाही. बघवेना! त्यांचे डोळे कशावर? कठड्यावर! कुठं तुटलाय का? प्रत्येक वळणाला वाटायचं, या वळणामागं दिसणार. वळण संपायचं — काही नाही. हायसं वाटायचं? छे! पुढचं वळण होतं ना!

आणि मग एका वळणावर माणसं दिसली. दोन ट्रक उभे, एक जीप, आणि दहा-पंधरा माणसं कठड्याशी वाकून खाली बघतायत.

खाली!

अण्णांनी गाडी थांबवली. दार उघडलं. पण पाय बाहेर पडेना. मला त्यांनी सांगितलं, "महाराज, तेवढा वेळ मी मेलेला होतो." एकेक पाऊल टाकत कठड्यापर्यंत गेले. कुणाला विचारायचं धाडस होईना. एका ट्रकवाल्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

खाली दरीत, झाडांच्या वर, एका चाकाची चकाकती लोखंडी टोपी अडकलेली. तेवढीच!

"बाकी गाडी?" अण्णांच्या तोंडून शब्द कसेबसे आले.

ट्रकवाल्यानं वळून मागं बोट केलं. डोंगराच्या बाजूला! उभ्या ट्रकांच्या आड, रस्त्याच्या आतल्या अंगाला गटार, गटारात गाडीचं नाक, आणि डोंगराची लाल माती बॉनेटवर. शलाका दगडावर बसलेली, मनगट पोटाशी धरून. कपाळातून रक्त. आणि रेडीज तिच्यासमोर उभे. उभे कसले — चूर झालेले!

जिवंत होते मंडळी! दोघंही जिवंत! म्हणा विठ्ठल! ... विठ्ठल!

पण गोष्ट संपली असं समजू नका. खरी आत्ता सुरू होते.

रेडीजांनी अण्णांना पाहिलं. धावत आले, हात जोडले. कुणी? ज्याचा जीव जात होता त्यानं! आणि कुणाला? अण्णांना!

"अण्णा, माफ करा! तुमची इतक्या प्रेमानं जपलेली गाडी! मला चालवताच आली नाही! घाबरून ब्रेकऐवजी भलतीकडंच पाय पडला असणार. माझीच चूक. सगळी माझी."

बाजूचे लोक म्हणाले, "झेपत नाही तर कशाला घ्यायची असली गाडी? पोरीला मारली असतीत!" आणि रेडीज मान खाली घालून ऐकत होते.

अण्णा तिथं उभे. कुणाला काही माहीत नाही. गाडी तर मोडलीच होती. आता ब्रेक कोण उघडून बघणार? चूक करणारा स्वतःच कबूल करतोय! केवढी सोय! गप्प बसलं की मिटलं. सकाळी गप्प बसले होते लोभानं. आता गप्प बसायला लावत होती भीती. आणि दोन्ही वेळेला बाहेरून दिसायला काय? तेच! सभ्य, शांत गृहस्थ!

आणि अण्णा गप्प बसले, मंडळी. एवढं पाहूनही! म्हणाले, "आधी पोरीला दवाखान्यात नेऊ."

दोघांना गाडीत घेतलं. रेडीज पुढं, शलाका मागं. उतार सुरू झाला. रेडीज सारखे म्हणत होते, "देवासारखे धावून आलात." प्रत्येक वेळी अण्णांना चाबूक बसल्यासारखं व्हायचं. रेडीज लेकीला म्हणाले, "बाळा, तुझ्या आईला कसं तोंड दाखवू मी? पुन्हा आयुष्यात गाडीला हात लावणार नाही."

शलाका मागून म्हणाली, "बाबा, तुमचा पाय ब्रेकवरच होता. मी बघत होते. तुम्ही दाबत होता, गाडी थांबत नव्हती. मी विचारलं, काय झालं? तुम्ही म्हणालात, काही नाही, घट्ट धर. आणि तुम्ही गाडी डोंगरावर घातलीत. दरीकडं नाही."

"तुला धक्का बसलाय. तुला तसं वाटतंय."

पोर खिडकीतून बाहेर बघायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "काका, पण तुम्ही इथं कसे?"

काय साधा प्रश्न! कराडला असलेला माणूस घाटात कसा? अण्णांच्या डोळ्यांपुढं रस्ता दिसेना. म्हणायला पुष्कळ होतं — चिपळुणात काम होतं, पाहुण्यांकडं निघालो होतो. जिभेवर आलंही होतं. आणि आरशात ती दिसली. कपाळाला बापाचा रुमाल बांधलेला.

अण्णांनी गाडी कडेला घेतली आणि थांबवली.

"मला माहीत होतं," अण्णा म्हणाले. "उतारावर ब्रेक जातात, हे मला माहीत होतं. माझी बायको आणि मी पसरणीत मरता-मरता वाचलो होतो. गॅरेजवाल्यानं घाटात नेऊ नका म्हणून सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. पाटणहून तुमचा फोन आला तेव्हाही नाही. तुमचा पाय चुकला नाही रेडीज. तुमचं काहीच चुकलं नाही."



मग रेडीजांनी विचारलं. आवाज चढवला नाही. "घरच्यांना बसवत होता त्यात?"

"कुमुद बसत नाही. त्या दिवसापासून."

रेडीज खाली उतरले. मागचं दार उघडलं. लेकीला धरून उतरवलं. अण्णा म्हणाले, "अहो, दवाखाना अजून लांब आहे, मी पोचवतो —"

"नको," रेडीज म्हणाले. "तुम्ही अजून काय-काय सांगितलं नसेल, कुणास ठाऊक."

मंडळी! शिवी दिली असती तर बरं झालं असतं! थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं! कमरेला दोरी बांधून नेलं असतं तरी चाललं असतं! आयुष्यभर 'डोळे मिटून घ्यावं' असं ज्याच्याबद्दल म्हटलं गेलं, त्याच्या धडधाकट गाडीत एक बाप जखमी लेकीला बसवायला तयार नव्हता! रस्त्यावर उभं राहून त्यानं वरून उतरणाऱ्या एका जीपला हात केला. अनोळखी माणसाच्या. आणि गेला.

पुढं काय झालं ते सांगतो. अण्णांनी गाडीचे सगळे पैसे परत केले, दवाखान्याचंही पाहिलं. रेडीजांनी तेवढं घेतलं, पण भेट घेतली नाही. अण्णा स्वतः पोलिसांत जाऊन हकिकत लिहून देऊन आले. ती गाडी त्यांनी दुरुस्त केली नाही, विकली नाही. भंगारवाल्याकडून, स्वतः समोर उभं राहून, तोडून घेतली. शलाकाचं मनगट बरं झालं, पण पुरतं वळत नाही. वेणी घालायला तिला आई लागते. अण्णा दर वर्षी चिपळूणला त्यांच्या दारापर्यंत जातात. दार उघडत नाही. तरी जातात. मी म्हटलं, "अण्णा, पुरे आता." म्हणाले, "महाराज, उघडायचं का नाही ते त्यांनी ठरवायचं. मी जायचं."

आणि मला म्हणाले, "गोष्ट सांगाल तिथं माझं नाव घेऊन सांगा." म्हणून घेतलं. नाहीतर एवढ्या सज्जन माणसाचं नाव मी असं चव्हाट्यावर कशाला आणू?

आता माझ्याकडं बघू नका. आपापल्या आत बघा.

तुमच्याकडं लाल गाडी नाही, माहीत आहे! पण खोली भाड्यानं दिलीय ना? तिथल्या गिझरला हात लावला की झटका बसतो, ते नव्या भाडेकरूला सांगितलं? म्हैस विकलीत, ती लाथ मारते, ते सांगितलं? तिच्याखाली उद्या कुणाची सून बसणार आहे? मुलाचं लग्न ठरवलंत. त्याला फिट येते, ते त्या मुलीला माहीत आहे? 'विचारलंच नाही त्यांनी!' अहो, त्यांनी कशाला विचारावं? त्यांनी तुमच्या घरच्या पाटावर बसून तुमच्या हातचा चहा घेतलाय!

भीती वाटतेय? वाटू द्या. आज मी तुमची भीती घालवायला उभा नाही. उलट थोडी जास्त देऊन जाणार आहे. कारण अण्णांना भीती वाटली ती ताटावर. पोह्यांच्या बशीपाशी वाटली असती, तर एक पोर आज स्वतःची वेणी स्वतः घालत असती.

आरती तयार आहे. निरांजन लावलंय. पण मी आरती सुरू करणार नाही. ज्याला कुणाला फोन करायचाय, त्यानं मांडवाबाहेर जावं आणि करून यावा. आम्ही थांबतो. उशीर होऊ दे. प्रसाद पळून जात नाही.

...

कुणी नाही?

...

हां. मागं कुणीतरी उठलंय. जा बाबा, जा. मंडळी, मान वळवू नका! कोण आहे ते बघायचं नाही. कुणी बघायचं नाही! डोळे मिटा. आणखी कुणीतरी उठलंय. जा माय, सांभाळून, पायरी आहे.

पेटीवाले, सूर द्या. हळू. ते बोलतायत बाहेर, त्यांना ऐकू आलं पाहिजे आणि त्यांचं आपल्याला ऐकू येता कामा नये, इतकाच. ती दोघं परत येईपर्यंत आपण नाव घेऊ.

विठ्ठल... विठ्ठल... विठ्ठल...